गाण्यातली कोडी

बाळापूर हे गाण्याचे गाव नव्हे. मन आणि म्हैस ह्या नद्यांच्या संगमावरचा किल्ला आणि नदीकाठची मिर्झा राजा जयसिंगाची छत्री ह्यांच्यासाठी लोक ह्या गावाचे नाव घेतात. गवयासाठी कोणी घेतल्याचे मी ऐकलेले नाही. बैठक ऐकायची तर अकोला गाठायचे आणि आधी परतीच्या वाहनाची चौकशी करून ठेवायची, अशी आमची रसिकता. अशा ह्या गावात गेली काही वर्षे आम्ही चार मित्र एकमेकांना शास्त्रीय संगीताची कोडी घालीत आलो आहोत. एक बँकेत आहे, एकाचे औषधांचे दुकान आहे, एक तलाठीपदावरून निवृत्त झालेले आणि चौथा मी, शाळामास्तर. सकाळी मोबाइलवर कोडे येते. रात्रीच्या जेवणापूर्वी उत्तर द्यायचे. न आले तर रविवारचा चहा आपल्या खर्चाने.

हा पोरखेळ टीकालेखाचा विषय कसा होतो, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे की, उखाण्याला आपण वाङ्मयप्रकार मानतो आणि कलगी-तुऱ्याच्या भेदिक लावणीवर विद्वान मंडळी ग्रंथ लिहितात. त्या लावणीत तरी दुसरे काय असते? एका फडाने गाण्यातून कूट घालायचे, दुसऱ्याने ते गाण्यातूनच फोडायचे. शिव थोर की शक्ती थोर ह्या वादात रात्र सरून जायची. तेव्हा आमच्या कोड्यांनाही बरे-वाईट म्हणण्याचा अधिकार टीकाकाराला असलाच पाहिजे. शिवाय ह्या खेळापायी एक भला माणूस दुखावला गेला. त्याची हकीकत पुढे येईल.

आधी काही मासले. वाचकांनी उत्तराकडे डोळा नेण्यापूर्वी क्षणभर थांबावे.

‘वाण्याकडे मिळतो, तराजूत मावत नाही, जन्म उत्तरेत, कबर मिरजेत.’ उत्तर : किराणा घराणे. उत्तर प्रदेशातील कैराना गावावरून हे नाव पडले. त्या घराण्याचे थोर गवई अब्दुल करीमखाँ (१८७२-१९३७) मिरजेत राहिले आणि तेथल्या दर्ग्यातच त्यांची कबर आहे. भीमसेन जोशी किराणा घराण्याचे, हे ऐकून तलाठीबुवांच्या नातवाने ‘मग त्यांचं दुकान कुठं होतं?’ असे विचारले होते. कोडे त्या प्रश्नातून जन्मले आणि म्हणूनच ते घरगुती व गोड आहे.

दुसरे जरा अवघड. ‘प्रेम केले, वर पाणीही प्यायला, बडोद्याला पगार घेतला आणि अंतऱ्यात सही केली.’ हे बडोदे दरबारचे फैय्याजखाँ (१८८६-१९५०). त्यांनी बांधलेल्या चीजांत ‘प्रेमपिया’ ही त्यांची मुद्रा असते. कवी जसा अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ असे नाव गोवतो, तसे आपले टोपणनाव चीजेत गोवण्याची वाग्गेयकारांची जुनी रीत आहे. आग्रा घराण्यात तर पियांची रांगच आहे : विलायत हुसेनखाँ ‘प्राणपिया’, खादिम हुसेनखाँ ‘सजनपिया’. बडे गुलाम अलीखाँचे एका रंगावर भागले नाही, म्हणून ते ‘सबरंग’ झाले. आमच्याकडचे जगन्नाथबुवा पुरोहित नम्रपणे ‘गुणीदास’ म्हणवून घेत, आणि श्रीकृष्ण रातंजनकर ‘सुजान’.

ह्या सर्वांचा मूळपुरुष म्हणावा तो सदारंग, म्हणजे दिल्लीच्या महंमदशहा रंगिल्याच्या दरबारातला नियामतखाँ. त्याच्या ख्यालांत त्याच्या मुद्रेच्या जोडीने बादशहाचेही नाव येते. ह्याच महंमदशहाच्या कारकिर्दीत, १७२० साली, निजामुल्मुल्क आणि आलमअलीखान ह्यांची लढाई आमच्या बाळापुराजवळ झाली. दिल्लीत ख्याल फुलू लागला होता आणि येथे तोफा चालल्या होत्या. ख्यालाशी बाळापूरचा संबंध जोडायचाच तर तो एवढाच.

पण मुद्रेची खरी खुबी ध्यानात घ्यावयास हवी. ‘प्रेमपिया’ हा शब्द चीजेत केवळ सहीसारखा खाली बसत नाही. विरहिणी ज्याला आळवते तो प्रियकरही तोच, आणि चीज बांधणारा उस्तादही तोच. एका शब्दात दोन माणसे उभी राहतात, आणि गवई जेव्हा त्या शब्दावर सम गाठतो तेव्हा ती दोन्ही एकदम ऐकू येतात. म्हणजे कोडे सुरांच्या आत आहे. सूर बाजूला केले तर उरते ते केवळ एक नाव. आमच्या मित्रांच्या पुष्कळशा कोड्यांत उरते ते हे नावच.

नावे लपवण्याचा हा छंद गवयांपुरता राहिला नाही, टीकाकारांनाही तो जडला. अमरावतीत जन्मलेले केशवराव भोळे (‘संत तुकाराम’ आणि ‘कुंकू’ ह्या बोलपटांचे संगीतकार) गवयांवर लिहीत ते ‘एकलव्य’ आणि ‘शुद्ध सारंग’ ह्या नावांनी. टीकाकाराने रागाचे नाव पांघरावे ही कल्पना मला फार आवडते. आमच्या वऱ्हाडातल्या माणसाला ती सुचली, हे आणखी आवडते.

आता एक वाईट कोडे. ‘माणूस एक, राग दोन, एकात नाव, दुसऱ्यात आडनाव.’ उत्तर : मोहनदास गांधी. रविशंकरांनी गांधीजींच्या मृत्यूनंतर मोहनकंस हा राग रचला, आणि कुमार गंधर्वांनी पुढे गांधी मल्हार. बँकवाल्या मित्राला ह्या कोड्याचा मोठा अभिमान आहे. बांधणी चोख आहे, उत्तर बिनचूक आहे. तरीही मी ह्याला वाईट म्हणतो, कारण हे सोडवणाऱ्याने दोहोंतला एकही राग ऐकला नसला तरी चालते, आणि सोडवल्यावर ऐकावासा वाटेल अशी काही ओढही त्यात नाही. असली कोडी तलाठ्याच्या दप्तरासारखी असतात : जमिनीचा गट क्रमांक कळतो, पिकाचा वास येत नाही. (तलाठीबुवांनी रागावू नये.)

ह्याच्या शेजारी औषधवाल्यांचे हे कोडे ठेवून पाहा. ‘गोव्यातल्या केरीहून निघाली, अल्लादियाखाँकडे शिकली, २०१२ साली सूर्याची वेस ओलांडली, अजून गातेच आहे.’ हेही नावाचेच कोडे. सुरश्री केसरबाई केरकर (१८९२-१९७७). त्या वारल्या त्याच वर्षी अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने अवकाशात सोडली. त्यांवर पृथ्वीची ओळख म्हणून ठेवलेल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. पहिले यान २०१२ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले. मैफल भैरवीने संपते, हे आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत असते. आणि ही भैरवी तर सूर्याचे अंगण सोडून जाताना सोबत नेलेली. ज्या दिवशी हे कोडे आले त्या दिवशी आमच्यापैकी तिघांनी ती भैरवी शोधून ऐकली, आणि तलाठीबुवांनी बायकोला व सुनेलाही ऐकवली. कोडे वाईट की चांगले, हे मी एवढ्यावरून ठरवतो : उत्तर सापडल्यावर माणूस उठून काही ऐकायला जातो की चहा मागतो?

येथवर आले म्हणजे कोड्याच्या दुसऱ्या बाजूकडे पाहावेच लागते. गाण्यातले कूट रसिकांना गंमत वाटावी म्हणूनच नेहमी घातलेले नसते. पुष्कळदा ते कुलूप असते. उस्ताद लोक अस्सल चीज परक्याच्या कानी पडू देत नसत. अनवट रागाचे नाव विचारले तर हसून टाळीत. अंतऱ्याचे शब्द असे तोंडातल्या तोंडात म्हणत की, ऐकणाऱ्याने टिपून घेऊ नये. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. विद्या हीच ज्याची शेती, त्याने बांधावर काटे लावले तर नवल नाही. परंतु त्या काट्यांत किती चीजा सुकून गेल्या, त्याचा हिशोब कोणाकडे आहे?

‘कट्यार काळजात घुसली’ ह्या पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या १९६७ सालच्या नाटकाचा गाभा हाच आहे. घराण्याची विद्या खाँसाहेब देत नाहीत, आणि सदाशिव ती चोरून ऐकून मिळवतो. त्यातले खाँसाहेब झाले वसंतराव देशपांडे. ते आमच्याच जिल्ह्यातले, मूर्तिजापूरचे. १९२० साली जन्मलेले आणि नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकलेले. एका घराण्याच्या कुंपणात जो गवई कधी मावला नाही, त्याच्याच वाट्याला कुंपण राखणाऱ्या खाँसाहेबांची भूमिका यावी, ह्यात नियतीचे एक कोडे आहेच. (ह्यावरही आमच्याकडे कोडे झाले आहे. ‘मूर्तिजापूरचा ब्राह्मण, रंगमंचावर बरेलीचा खाँसाहेब.’ फार सोपे म्हणून बाद झाले.)

कुलुपाचे आणखी एक उदाहरण वऱ्हाडाला शोधावे लागत नाही. रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातच आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. त्यामुळे ते परक्या हातांपासून वाचले हे खरे. पण मराठीतले आद्य गद्य मराठी वाचकाला कित्येक शतके वाचता आले नाही, हेही खरे. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांसारख्यांच्या खटपटीने त्या लिपीची किल्ली बाहेर आली, तेव्हा कोठे आपल्याला आपलेच घर दिसले.

संगीतात हे किल्लीचे काम भातखंड्यांनी केले. पेशाने वकील असलेला हा माणूस (१८६०-१९३६) गावोगाव हिंडला, उस्तादांच्या मिनतवाऱ्या करून त्याने चीजा मिळवल्या आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत स्वरलिपीसह छापून टाकल्या. गंमत अशी की, कुलुपे फोडणारा हा गृहस्थ स्वतः मात्र नाव लपवून लिही. १९१० साली त्यांनी ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ ‘चतुर पंडित’ ह्या नावाने काढला, आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ ह्या मराठी ग्रंथात त्या चतुर पंडिताची मते कोणा तिऱ्हाइताची असावीत अशा थाटाने उद्धृत केली. तो सारा मराठी ग्रंथ गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांत आहे. म्हणजे कोडेच, पण शिष्य अडला की गुरू पुढे होऊन सोडवून देतो. त्यांची लक्षणगीते घ्या. रागाचा वादी कोणता, संवादी कोणता, कोणता स्वर वर्ज्य, हे त्याच रागात गाऊन सांगणारे गाणे! प्रश्न आणि उत्तर एकाच सुरात. कोड्याची ह्याहून उदार जात मला ठाऊक नाही.

आता त्या दुखावलेल्या माणसाकडे येतो. आमच्या गावच्या भजनी मंडळात तीस वर्षे पेटी वाजवणारे एक गृहस्थ आहेत. धंद्याने शिंपी. सारे गाव त्यांना मामा म्हणते. आमच्या खेळात पाचवा गडी म्हणून आम्ही त्यांना बोलावले. दोन महिने ते रोज कोडे वाचीत आणि रोज हरत. प्रेमपिया कोण, मोहनकंस कोणाचा, कैराना कोठे, ह्यांतले त्यांना काहीच ठाऊक नव्हते. रविवारचा चहा त्यांच्याच खिशातून जाऊ लागला. शेवटी एके दिवशी ते म्हणाले, “मले नावं येत नाईत, गुर्जी. मले वाजवता येते.” आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी उत्तर देणे बंद केले. आमच्यात कानाने सर्वांत तयार असलेला माणूस अशा रीतीने अडाणी ठरून बाहेर पडला. नावांच्या कोड्यांवर माझा जो राग आहे, तो ह्या प्रसंगापासून आहे.

मामा परत आले ते औषधवाल्यांच्या एका कोड्यामुळे. ‘पाच काळे भाऊ, पाच घरे. माणसे तीच, पण प्रत्येक घरात थोरला वेगळा, म्हणून प्रत्येक घराचे आडनाव वेगळे. आडनावे सांगा.’ हे कोडे मी शाळेच्या पेटीवर ठेवून मामांना बोलावून घेतले. काळे भाऊ म्हणजे पेटीच्या पाच काळ्या पट्ट्या. पांढऱ्या पट्टीला बोट लावायचे नाही. काळी तीन हा षड्ज धरून पाची पट्ट्या क्रमाने वाजवल्या, तर सा रे ग प ध मिळतात, म्हणजे भूप. काळी चार षड्ज धरली तर त्याच पट्ट्यांतून सा रे म प आणि कोमल नी निघतात. तो मध्यमाद सारंग. काळी पाचपासून मालकंस : गंधार, धैवत, निषाद कोमल, ऋषभ-पंचम गैरहजर. काळी एक धरली की दुर्गा, काळी दोन धरली की धानी. पट्ट्या त्याच पाच. फक्त ‘सा’ कोणाला म्हणायचे एवढेच बदलले. शास्त्रात ह्याला मूर्च्छना म्हणतात, आणि ह्यावर पंडितांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी दिवाळीच्या सुटीत मुलांना हे करून दाखवावे. पाच मिनिटे लागतात. फक्त प्रत्येक वेळी ज्या पट्टीला षड्ज मानले तिचाच सूर मागे धरून ठेवावा, नाहीतर पाचही घरे एकच वाटतात.

मामा पेटीशी बसले आणि प्रत्येक घरात शिरताच त्यांना चाल आठवू लागली. ‘दुर्गा’ हे नाव त्यांना नवे होते, पण काळी एकवर ते एक गौळण वाजवून मोकळे झाले. काळी पाचवर त्यांचे बोट जरा रेंगाळले आणि काळी चारच्या ऐवजी शेजारच्या पांढऱ्या सहावर पडले. क्षणात वर्गाचा रंग पालटला. मालकंसाचा कोमल निषाद शुद्ध झाला की चंद्रकंस होतो, आणि तोच त्या बोटाने झाला होता. मी तिथल्या तिथे कोडे केले : ‘मालकंसाच्या घरी एकच दिवा चढवला आणि चंद्र उगवला.’ मुलांनी उत्तर कानाने दिले, नाव मी सांगितले. मग तलाठीबुवांनी त्यावर जोड पाठवली : ‘मालकंसाच्या घरी दोन पाहुणे आले आणि कायमचे राहिले.’ ऋषभ-पंचम घेणारा संपूर्ण मालकंस, जयपूर घराण्याची खास चीज. अशी कोडी एकमेकांतून जन्मतात, आणि प्रत्येक वेळी पुन्हा पेटीकडे जावे लागते.

पेटीवर ज्यांचा राग आहे ते म्हणतील की, ह्या पेटीवर कसली मूर्च्छना आणि कसल्या श्रुती? आक्षेप जुना आहे. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दाराबाहेर ठेवले होते. पेटीत मींड नाही, आंदोलन नाही, हे मान्य. पण शाळेत आणि भजनात तीच असते. तानपुरा येईपर्यंत मुलांनी कान बंद ठेवावेत काय?

खरा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो मामांनीच काढला. पाच स्वर मोजून राग ओळखता येतो, असा त्या काळ्या भावांच्या कोड्याने आमचा समज करून दिला होता. मामांनी आयुष्यातले पहिले कोडे घातले, तेही शब्दांवाचून. शाळेच्या पेटीवर त्यांनी काळी तीनच्या षड्जाने दोन तुकडे वाजवले, मोबाइलवर भरले आणि तिघांना पाठवले. मी वाजवताना समोर बसलो होतो, म्हणून कोड्यातून बाद. दोन्ही तुकड्यांत पट्ट्या त्याच पाच आणि षड्जही तोच. पहिल्यात बोटे फिरून फिरून खालच्या गंधारावर विसावत होती. दुसऱ्यात ती वर चढून धैवतावर उभी राहत, तिथून तार षड्जाला हात लावून परतत आणि खाली उतरायची घाईच करीत नसत. पहिला तुकडा ऐकताना दिवेलागण झाल्यासारखे वाटे, दुसऱ्याने दार उघडे असल्यासारखे.

बँकवाल्याने लिहिले, दोन्ही भूप. तलाठीबुवांचे म्हणणे पडले की, एकच तुकडा दोनदा आला आहे, यंत्रात काही घोटाळा असावा. औषधवाल्यांनी रविवारपर्यंत मुदत मागितली आणि रात्री अकराला कळवले : एक भूप, एक देशकार. स्वर तेच, भूपात गंधार वादी, देशकारात धैवत. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात, देशकार सकाळी. हे सारे पुस्तकात आहे, पण औषधवाल्यांनी त्या रात्री पुस्तक उघडले नव्हते. त्यांनी तो दुसरा तुकडा दुकान बंद करून बारा वेळा ऐकला होता.

मामांना हे उत्तर सांगितले तेव्हा ते मशीनवर एक झबले शिवत होते. “भूप, देशकार तुमी म्हना,” ते म्हणाले, “मले तं येवढंच मालूम, का एक सांजचं हाये अन् एक काकड्याच्या वक्ताचं.” त्या रविवारी चहा बँकवाल्याने आणि तलाठीबुवांनी वाटून पाजला.